कोरं पाणी

बाबा, तुमचा भाऊ सध्या माझ्या घरी आहे. हे ऐकून तुमच्या कपाळावर कुठली आठी पडली असती ते मला ठाऊक आहे, पण पुढचं ऐका. गणपतीनंतर काका अंगणात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन कणकवलीत झालं. मुलगा-सून मुंबईला, गावच्या घरात एकटे कसे राहणार? मी नोकरीतून मोकळी झालेली, घर डॉक्टरांपासून पाच मिनिटांवर, म्हणून पुढच्या खोलीत त्यांची कॉट टाकली. जन्मभर पायांवर असलेला माणूस, पहिल्या आठवड्यातच कंटाळला. ‘चेडवा, ह्यी भित माका पाठ झाली,’ म्हणाले. मला आठवलं, जेवणानंतर तुम्ही दोघं भाऊ सामायिक विहिरीच्या कठड्यावर बसून खाली मासे बघत राहायचात. बोलणं फारसं नसायचं. एक म्हणायचा, ‘तो बघ, तो,’ आणि दुसरा म्हणायचा, ‘होय रे.’ तेव्हा ठरवलं, त्या भिंतीसमोर मासे ठेवायचे.

बाजारातून दोन फुटांची काचपेटी आणली, फिल्टर आणला, दिवा आणला, झाडं आणली. पाण्यासकट तिचं वजन मोठ्या माणसाएवढं होतं, म्हणून तुमच्या हातचं फणसाचं टेबल माळ्यावरून उतरवलं. ते जरासुद्धा कुरकुरलं नाही. वाळू मात्र विकत घेतली नाही. आपण मालवणची माणसं, वाळूला पैसे देणं जिवावर येतं. किनाऱ्यावरून पिशवी भरून आणली आणि दहा पाण्यांनी धुतली. झाडं लावणी करावी तशी मुळासकट खोल खोचली. नळाला पाइप लावून पेटी काठोकाठ भरली. दुकानदारानं बजावलं होतं, ‘मॅडम, मासे लगेच सोडू नका, महिनाभर पाणी फिरू दे.’ पण पाणी एवढं नितळ दिसत होतं की वाट कसली बघायची ते मला कळेना. त्याच संध्याकाळी सहा मासे सोडले. काकांनी मान वळवून बघितलं, म्हणाले, ‘ह्ये कढयेत घालूचे, का नुसते बघूचे?’ खूप दिवसांनी ते हसले.

सकाळी चार मासे पोट वर करून तरंगत होते. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा काका ते बघतच होते, किती वेळ कोण जाणे. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, ‘तुझो बापूस आसतो तर आजय माझाच नाव घेतल्यान असता.’ अगदी सहज म्हणाले, पाऊस येईलसं वाटतं असं म्हणावं तसं. मी चहा खाली ठेवला आणि पेटीवर वाकले. पेटीतल्या पाण्याला नळाच्या औषधाचा वास येत होता, आणि तो वास मी बारा वर्षांची असल्यापासून ओळखते.

तुमचं काम होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं. दिवसभर डिझेलमध्ये हात घालणारा माणूस विहिरीजवळ येताना कोपरापर्यंत हात घासून यायचा. दर मे महिन्यात तुम्ही आणि काका विहीर, आपली बाव, उपसायचात. त्याची तुमची एक पद्धत होती आणि ती चुकलेली तुम्हाला खपायची नाही. आधी मासे धरायचे आणि जुन्याच पाण्याच्या हंड्यात ठेवायचे. कडेचे शेवाळलेले दोन जांभ्याचे दगड काढून तेही हंड्यात ठेवायचे, ते घासायचे नाहीत. तळाचा गाळ निघाला, झरे मोकळे झाले, विहीर पुन्हा भरली, की हंड्यातलं जुनं पाणी, दगड आणि मासे परत आत सोडायचे. एका वर्षी मी हौसेनं ते दगड नारळाच्या सोडणानं लख्ख घासून ठेवले. तुम्ही माझ्यावर हात कधी उगारला नाहीत, पण त्या दिवशी आवाज चढवलात. ‘बाव कोरी करूची नसता गो! कोऱ्या पाण्यात मासो जगणा नाय.’ का जगत नाही ते तुम्हीही सांगू शकला नाहीत. आजोबांनी ओहोळातून आणून सोडलेल्या माशांचीच ती पिल्लं, आणि पिल्लांची पिल्लं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

त्यानंतरच्याच वर्षी, शाळा सुरू झाल्यावर, काकांच्या मुलाला जुलाब लागले. काका म्हणाले विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकूया, तुम्ही म्हणालात मासे मरतील, पाणी उकळून पी. ओटीवर तुमची जुंपली. आई मधे पडली तर तिलाही दोघांनी गप्प केलं. मी दाराआड उभी होते. त्याच आठवड्यात शाळेत आरोग्याच्या बाई आल्या होत्या. ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांना त्यांनी पावडरीची एकेक पुडी दिली होती आणि बादलीत कालवून, निवळू देऊन, मोजून कशी टाकायची तेही सांगितलं होतं. मी वर्गात पहिली येणारी, तरी त्यातलं अर्धंच ध्यानात राहिलेलं. मला वाटलं, गुपचूप पावडर पडली तर काकांचं समाधान होईल, तुम्हाला कळणार नाही, भांडण मिटेल. दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी काढायच्या निमित्तानं गेले आणि सबंध पुडी तशीच सुकी विहिरीत उलटी केली. कागद चुलीत घातला.

हो बाबा, ती मीच.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर सगळे मासे पांढरे पडून तरंगत होते. तुम्ही दोरीला टोपली बांधून एकेक वर काढलात आणि केळीच्या पानावर ओळीनं ठेवलेत. काका दात घासत आले. तुम्ही विचारलंत, ‘मासे मारून तुका काय गावला?’ काका म्हणाले, ‘मी हात लावक नाय.’ ‘मगे आपसूक मेले?’ एवढंच. शेजारच्या माणसांना वाटलं, चार दिवसांत निवळेल. पण तुम्ही पुढच्या उन्हाळ्यात घरामागे वेगळी विहीर खणायला घेतलीत. पहिल्या वर्षी तिचं पाणी गढूळ होतं, तरी तुम्ही तेच प्यालात, आणि तिच्यात मासा म्हणून कधी सोडला नाहीत. गणपती मात्र एकच होता, त्याचे काही दोन करता आले नाहीत. आरतीला तुम्ही एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, दोघांच्या हातात टाळ, ताल अगदी एक, आणि आरती संपली की दोन दारांनी दोघं बाहेर. दर वर्षी आरतीत मी ठरवायचे की उद्या सांगते. प्रसाद वाटेपर्यंत धीर सुटायचा. मग लग्न झालं, नोकरी लागली, आणि न सांगण्याची सवय होऊन गेली. तुमच्या तेराव्यालाही काका मांडवाच्या बाहेर खुर्ची घेऊन बसले होते, जेवले नाहीत.

तर त्या सकाळी मासे गुलाबाच्या कुंडीत पुरले, उरलेले दोन दुकानदाराला परत दिले आणि पेटी मोकळी केली. काकांनी कॉटवरून सूत्रं हातात घेतली. म्हणाले, आधी त्या वाळूवर लिंबू पीळ. पिळलं तर वाळू फसफसली. शिंपल्यांचा चुरा तो, समुद्राच्या माशांना चालेल, पण गोड्या पाण्यातल्या झाडांना नाही. मग मुकाट्यानं नदीची वाळू विकत आणली. तिच्याखाली बोटभर जांभ्याची तांबडी माती चाळून पसरली. मुळांना लोह लागतं, आणि आपल्याकडे दुसरं आहे काय! वर तीन बोटं वाळू, म्हणजे गाळ उठत नाही. जाड पानांचं झाड आडव्या खोडाचं होतं, ते पुरलं तर कुजतं, म्हणून दोऱ्यानं दगडाला बांधलं. गावी जाऊन जुन्या विहिरीचं पाणी चार कॅन भरून आणलं आणि शेवाळलेला एक दगड ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीनं आणला. कंडक्टरनं विचारलं, ‘देव आसा काय?’ मी म्हटलं, तसंच समजा. काकांनी तो दगड पेटीत जाताना बघितला आणि म्हणाले, ‘बरा केलंस. कोऱ्या पाण्यात मासो जगणा नाय.’ मी इतकी वर्षं ते वाक्य तुमचं समजत होते. ते आजोबांचं असणार, दोघांनाही मिळालेलं. दुकानदारानं नंतर मला त्याचं कारणही सांगितलं. पाण्यापेक्षा दगडावरच्या बुळबुळीत बारीक जीव जास्त असतात, ते माशांच्या घाणीतलं विष मोडतात, आणि जे उरतं ते झाडं खातात. हे जीव वाढायला महिना लागतो. नितळ दिसतं ते पाणी तयार असतंच असं नाही.

तो महिना आम्ही दोघांनी रिकामी पेटी बघत काढला. दिवा सात तास, जास्त नाही, नाहीतर काचेवर शेवाळ धरतं. दुसऱ्या आठवड्यात झाडांची जुनी पानं विरघळायला लागली. मी उपटायला निघाले तर काका ओरडले, ‘रव गो, मुळा जिती आसत!’ खरंच खालून नवी पालवी आली, पहिल्यापेक्षा बारीक पण हिरवीगार. पाणी कमी झालं की नळाचं पाणी दोन दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच वर घालत होते. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धरता पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळत होते. आणि रोज मनात एकच हिशोब, की काकांचं वय चौऱ्याऐंशी, आणि हा माणूस माझ्या जागी उभा राहून जन्मभर शिक्षा भोगून बसलाय. एकदा सांगून टाकलं. पूर्ण सांगितलं, पुडीसकट. काका शांतपणे पेटी बघत राहिले. मला हायसं वाटलं, मग लक्षात आलं की कानातलं मशीन उशाशी होतं. आणि बाबा, ते उशाशी आहे हे मला सांगायला सुरुवात करतानाच दिसलं होतं.

दुसऱ्यांदा मशीन मीच त्यांच्या कानात घातलं. त्या सकाळी मासे सोडले होते, गावच्या ओहोळातून आणलेले सहा, डोक्यावर पांढरा ठिपका असलेले, आपल्या विहिरीत असायचे तेच. पिशवी आधी अर्धा तास पेटीत तरंगती ठेवली, मग हळूच उघडली, वर झाकण लावलं, कारण ही जात उड्या मारते. मासे पाण्याच्या वरच्या थरात रांगेनं उभे राहिले. काका म्हणाले, ‘तो बघ, तो.’ मी ‘होय काकांनू’ म्हटलं आणि त्याच दमात सांगितलं. काकांनी कानातलं मशीन बोटानं नीट बसवलं. मग म्हणाले, ‘माका वाटलेला, तुझ्या बापाशीनच घातल्यान. बाव वायली करूक त्येका निमित होया होता.’ बाबा, तुम्ही समजत होतात त्यांनी घातली, ते समजत होते वेगळी विहीर करायला निमित्त म्हणून तुम्हीच घातली, आणि मी दोन्ही घरांतून खोबऱ्याच्या वड्या खात मोठी झाले. मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली.

मी रडले. काकांनी रडू दिलं. मग त्यांनी विचारलं, ‘बापाशीक सांगलंलंस?’ मी म्हटलं, होय. ‘कधी?’ ‘शेवटाक, हॉस्पिटलात.’ ‘काय म्हणालो तो?’ त्यांनी मान उचलून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘भावाक बोलव, म्हणाले.’ काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, बरं झालं. पण डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, ‘मगे बोलवलंस नाय ता कित्याक?’ याचं उत्तर मी ठरवलं नव्हतं. ‘माझ्याकडसून ऱ्हवान गेला, काकांनू,’ एवढं म्हटलं. ‘घोर चूक केलंस,’ ते म्हणाले, आणि तोंड माशांकडे वळवलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘खाणा घालूचा ऱ्हवला. चिमटीभरच घाल.’

मासे सहाच्या सहा आहेत. काका आता वॉकर धरून पेटीपर्यंत जातात. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, माझ्या भावाने मला बोलावलं होतं, हिनंच निरोप दिला नाही. मी स्वयंपाकघरात ऐकत असते. मला मुळीच वाईट वाटत नाही, ती बोलणी मला बसायलाच हवी होती, फक्त दुसऱ्या कारणासाठी. तुम्हाला सांगितलं ही थाप होती, ती आज हे लिहून थोडीशी खरी केली. उरलेलं ‘भावाक बोलव’ हे वाक्य मी तुमच्या तोंडी घातलं आहे. तुम्ही ते म्हणाला असतात का, मला खरंच माहीत नाही. हॉस्पिटलात त्या दिवशी खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, पंखा बंद कर, थंडी वाजते. मी उठून पंखा बंद केला आणि तुमच्या पायाशी बसले. सांगायला पूर्ण दुपार होती.