द्रौपदाबाईंच्या नावाचं तसराळं

पहूर, ता. १८ जानेवारी १९८८

तीर्थरूप सुनंदामामीस,

अभिमनचा धुळ्यापर्यंत पोचेल एवढा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? मामा आणि त्यांचा खोकला अजून एकाच खोलीत झोपतात का? इकडे आई ठीक, नाना ठीक, म्हैस जरा रागात आहे. पत्र लांब आहे, तेव्हा चहा आधीच पिऊन घ्या.

बातमी अशी, की बेबीला बघायला रविवारी दीपनगरची मंडळी येऊन गेली. मुलगा लीलाधर, पॉवर हाऊसमध्ये नोकरीला, राहायला क्वार्टर. बेबीने त्याला भुसावळच्या एका लग्नात आधीच बघून ठेवलेलं, आणि हा हातचा गेला तर ती दुसरा बघणार नाही (मला कुणी सांगितलं नाही, पण तेव्हापासून ती माझ्याशी भांडत नाही, त्यावरून मी ओळखलं). त्यामुळे घरात सगळ्यांचे हातपाय गार. त्यात मध्यस्थ सांगून गेला, की मुलाची आई लताबाई फार टापटिपीची, त्यांच्याकडे डायनिंग टेबल आहे आणि खाली बसून कुणी जेवतच नाही. झालं, नानांनी केळीचा ट्रक गेल्या गेल्या जळगावहून टेबल आणलं. ते दारातून आत जाईना म्हणून ओसरीवरच राहिलं (म्हैस तिथेच बांधायचो, रागाचं कारण तेच).

टेबल तर आलं, पण त्यावर मांडायचं काय? ते काम मी अंगावर घेतलं. तुम्ही म्हणाल, दहावीला आपटलेल्या पोराला काय कळतं. पण मामी, जळगावला भांड्यांच्या दुकानात मी नावं टाकायच्या मशीनवर बसतो. 'यांजकडून सप्रेम भेट' मी झोपेतही लिहीन. भांड्यांच्या बाबतीत माझ्यापुढे कुणी बोलायचं काम नाही. आईने स्टीलचे नवे डोंगे काढले होते. मी म्हटलं, स्टील काय लताबाईंनी बघितलं नाही? मागे मी दीपनगरला एका साहेबांकडे डबे पोचवायला गेलो होतो, तर त्यांच्या टेबलावर सगळं जुनं पितळ. साहेबीण ते चिंचेने घासून आरशासारखं ठेवते, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, कुठून आणलं. आई म्हणाली, आपल्याकडे पितळ राहिलंय कुठे, सगळं मोडीत घालूनच तर हे स्टील घेतलं. खरंच आहे. झाडून बठ्ठ्या खानदेशाने तेच केलं. पण मोडीतलं पितळ जातं कुठे, तर आमच्या दुकानामागच्या खोलीत, छतापर्यंत. शेठला म्हटलं, थोडं घरी नेतो. शेठ भला माणूस, पगारात बघू म्हणाला.

निवडायची रीत सांगून ठेवतो, कधी उपयोगी पडेल. भांडं आधी बोटाने वाजवायचं. आवाज बसका आला तर कुठेतरी भोक बुजवून डाग दिलेला आहे, बाजूला ठेवा. मग बूड बघायचं, टेबलावर डुलायला नको. आतून कल्हई करून घ्यायची, नाहीतर आंबट भाजी हिरवी होते आणि पाहुणे पिवळे. असं करून भरताला मोठं तसराळं घेतलं, बट्टीला परात, पाण्याला गडवे, चटण्यांना पंचपाळं. शेवभाजीसाठी तर असं झकास, रुंद काठाचं, नक्षीचं भांडं मिळालं की मी ते अगदी मधोमध मांडलं. आईने बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. ते तस्त निघालं, म्हणजे जुन्या काळी जेवण झाल्यावर माणसं ज्यात हात धुऊन चुळा टाकायची ते. मी शांतपणे ते खाली घेतलं आणि त्यात झेंडूची फुलं ठेवली. निवडणाऱ्याने माघार घ्यायची नसते, फक्त जागा बदलायची.

मंडळी आली. लताबाई, लीलाधर आणि त्याची आजी द्रौपदाबाई (घरात शब्द आजीचाच, असं मध्यस्थाने आधीच कानात सांगितलेलं). लताबाई टेबलाकडे बघून म्हणाल्या, "बाई, पितळ काढलं? घासायला कोण बसतं आता." आईचा चेहरा उतरला. दाराआड बेबीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. तेवढ्यात आजीने तसराळं जवळ ओढलं, काठावर अक्षरं दिसली म्हणून नातवापुढे धरलं. लीलाधरने मोठ्याने वाचलं, 'सौ. द्रौपदाबाई हिस माहेरकडून.'

आजीने अक्षरांवरून बोट फिरवलं. मग आजी म्हणाली, "काव लते, माहं पितळ तं चोरानं नेलं व्हतं ना?"

मामी, लताबाईंचा चेहरा तेव्हा कल्हई गेल्यासारखा झाला. त्यांच्या स्टीलचा सगळा इतिहास मला त्या चेहऱ्यावर वाचता आला. सासूचं माहेरचं पितळ मोडीत घातलं आणि नाव चोराचं सांगितलं. आता ही बाई ओशाळून उठून गेली, तर बेबीचं स्थळही उठलं. म्हणून मीच तोंड घातलं. म्हटलं, आजी, चोर काही सापडला नाही, पण त्याने माल आमच्या दुकानात आणून विकला. लताबाई कधीपासून निरोप पाठवत होत्या, की आमच्या सासूबाईंच्या नावाचं काही आलं तर बाजूला ठेवा. आज तुम्हाला एकदम दाखवायचं त्यांच्या मनात होतं. लताबाई म्हणाल्या, "हो ना." त्यानंतर त्यांनी जेवण होईपर्यंत भरताचं, बट्टीचं, बेबीचं आणि टेबलाचंसुद्धा कौतुक केलं. उठायच्या आधी होकार. लग्न वैशाखात. आजी तसराळं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली.

आई म्हणते देवाची कृपा, नाना म्हणतात टेबलाची. मी काहीच म्हणत नाही. मामांना नमस्कार, आणि त्यांच्या खोकल्यालाही.

तुमचा भांड्यांतला जाणकार भाचा,
अभिमन

ता. क. तसराळ्यावरचं नाव मीच टाकलं होतं. आजीचं नाव मध्यस्थाकडून काढून घेतलं. म्हातारीला आपलं नाव वाचून बरं वाटेल, एवढाच बेत होता. चोराचं मला काय माहीत? आईला सांगू नका.

आणखी ता. क. निघायच्या आधी आजीने मला हातावर पाणी घालायला मोरीपाशी नेलं. हळूच म्हणाली, "पोरा, तुह्या मशीनचं नाव बोटाले लागत नाही. आमच्या वक्ताले कासार खिळा ठोकून ठिपक्या-ठिपक्याचं नाव टाके. अंधारात हात फिरवला तरी समजे, भांडं कोनाचं." माझ्या हातातला गडवा तिथेच थांबला. तर म्हणते, "पानी टाक. तुही बहीन मले पाहताच पसंत पडली. पन चोराची गोष्ट सांगनारी आज पयल्यांदा गप बसली, ते मले लय गोड लागलं. चोरानं माही मोठी परात बी नेली व्हती. लग्नात ती बी सापडू दे. आन् या खेपेला ठिपके देजो."

तर मामी, मामा पाय शेकायला बसतात ती तुमची परात मला पाठवा. आमची उपयोगाची नाही, ती लताबाईंनी बघितलीय. खिळा आणि हातोडी माझ्याकडे आहे. परातीवर तुमचं नाव आहे ते मला आठवतं, त्याची काळजी करू नका. जीप निघतानाच लताबाईंना मी सांगून ठेवलंय, की कुणी विचारलं तर परात धुळ्याला आजींच्या भाचसुनेकडे सापडली म्हणायचं, सुनंदाबाई त्यांचं नाव, म्हणून परातीवर ते. लग्नात आजींनी सूनबाई म्हणून हाक मारली तर मागे वळून बघू नका, सरळ ओ द्या.