धारगळच्या दुकानातल्या चिठ्ठ्या

९ ऑगस्ट २००६

हे जाऊन आज चौथा दिवस. लोक येतात, बसतात, जातात. नणंद शेवंती सगळ्यांसमोर म्हणाली, "वयनी, त्या माळावयल्या दुकानानच माज्या दादाक खाल्ल्यान!" मी मान खाली घातली. खोटं काय त्यात? तिला तर अर्धंच ठाऊक आहे.

१० ऑगस्ट

यांना सांगितलं होतं, दुकानात मी बिलावर बसते. खोटं! तीन वर्षं मी पलंग विकते. यांचं सुतारकाम पेडण्याच्या बाजारात, आणि धारगळला हमरस्त्यावर मी — यांचीच गिऱ्हाइकं ओढायला.

११ ऑगस्ट

गिऱ्हाईक का फुटतं ते मला तोंडपाठ आहे. माळावर जागा मोप, गाडी दारात लावा. चाळीस पलंग मांडलेले — चपला काढा, निजून बघा. सकाळी पसंत, संध्याकाळी टेंपो तुमच्या घरी. आणि मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे? एक स्टूल, भुसा आणि "पुढच्या सोमवारी बघूया." तो सोमवार चतुर्थीनंतर उजाडतो! असं म्हटलं की माणसं हसायची. हसली की घ्यायची. ते वाक्य यांचं होतं, घरातलं.

१२ ऑगस्ट

मॅनेजरचा फोन. "बाई, चतुर्थीच्या सेलला याल ना?" मी हो म्हटलं. हो म्हटलं!

१३ ऑगस्ट

लिहूनच टाकते. गेल्या वर्षभरात सहा माणसं हातात चिठ्ठी घेऊन दुकानात आली. सिगरेटच्या पाकिटाचा पुठ्ठा, सुताराची लाल पेन्सिल, लांबी-रुंदी, सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ. यांचंच अक्षर. म्हणजे यांनी त्यांच्या घरी जाऊन माप घेतलं, आणि ते माप घेऊन माणसं आमच्याकडे! मी ओळख दाखवली नाही. "द्या, बघते" म्हणायची, मापाचा पलंग दाखवायची, चिठ्ठी फाडून टाकायची. मग घरी येऊन यांच्यापुढे चहा ठेवायची. अलीकडे हे चहा बशीत ओतत नसत. कप तसाच निवायचा. मला वाटायचं, राग धरलाय. विचारायला तोंड नव्हतं.

१७ ऑगस्ट

आज बारावा. इब्रामपूरचा गोकुळदास आला. मे महिन्यात चिठ्ठी घेऊन आलेला तोच. त्याला बघून मी आत चालले होते. म्हणाला, "बाय, रव. मेस्तान माका म्हटल्यान — हात थरथर कापतत, रंधो धरूक जमना नाय, कोणाक सांगा नको. धारगळाक जा. माजी बायल बिलार बसना नाय, पलंग इकता. ही चिठी दाखय, ती वळाकतली."

सहाच्या सहा मी फाडल्या.