विष्णुक्रांतेच्या कागदावरचं नाव

अहो,

ती सकाळ आठवते? सडा टाकून झाला होता, चुलीवर पाणी चढवलं होतं, आणि चटणी वाटायला जावं तर पाटा जागेवर नाही! तो तुमच्या खोलीत, विष्णुक्रांतेच्या डहाळ्यांवर. "फुलं सपाट व्हायला वजन लागतं," म्हणालात. मग चटणी मी कशानं वाटायची, कपाळानं?

आज लिहायला बसले, कारण रोपं सुकवून चिकटवलेल्या तुमच्या त्या कागदांनी मला परवा पुन्हा जेरीस आणलं. आणि भांडायला दुसरं आहे कोण?

माळावर मुरमाला चिकटून पसरणारी, भर उन्हाळ्यातही हिरवं धरून राहणारी, नखाएवढ्या निळ्या फुलांची ती विष्णुक्रांता. साऱ्या गावाला तेवढं नाव पुरत होतं. तुम्हाला नाही! मदरशातून, त्या सरकारी शाळेतून, शिकवून आलात की सुरू: इव्हॉल्व्युलस अल्सिनॉइडिस. हिच्या गोतातल्या वेली दुसऱ्याला वेटाळतात, ही वेटाळत नाही, म्हणून पहिलं नाव. दुसरं कशासाठी? तर ती कुठल्याशा परदेशी रोपासारखी दिसते म्हणून. अहो, पण निळं फूल कुठं गेलं? एवढं लांबलचक नाव ठेवलं आणि डोळ्यांत भरणारी गोष्टच विसरले! मी असं म्हटलं की तुम्ही नुसते हसायचात.

तुम्हाला हा नाद लावून गेलेले हैदराबादचे प्रोफेसर आता नाहीत. त्यांच्या जागी आलेले नवे प्रोफेसर परवा डाकबंगल्यावर उतरले आणि घर विचारत आले. कॉलेजच्या संग्रहाला तुमचे कागद हवे होते. प्रत्येक कागदावर तुमच्या अक्षरात रोपाचं नाव, गाव, महिना. गोळा करणाऱ्याची जागा तेवढी कोरी! गवताच्या काडीलासुद्धा नाव देत फिरलात, स्वतःचं लिहायला काय हात मोडला होता?

"ये किन्ने जमा करे, बाई?" त्यांनी विचारलं.

"यांनी," म्हणत मी खुंटीवरच्या तुमच्या टोपीकडं बघितलं. खुंटीखाली नेमके भाऊजी उभे! तुमच्या धाकट्या भावानं जन्मात एक पान तोडलं नाही. प्रोफेसरांनी त्यांना नाव विचारलं, त्यांनी ऐटीत सांगितलं, आणि सगळ्यात वरच्या, विष्णुक्रांतेच्या कागदावर तेच लिहिलं गेलं. तुमच्या पाटीवरून उचललेल्या उर्दूच्या जोरावर मला ते वाचता आलं, पण मी तोंड उघडेपर्यंत कागद घेऊन ते टांग्यात बसलेसुद्धा.

"भाऊजी, जाऊन खरं काय ते सांगा."

"ऱ्हाऊ द्या की वहिनी! माझं काय आन् दादाचं काय, घर एकच हाय न्हवं? तुमी का न्हाय सांगितलं तवा?"

"बायका घेतात का नवऱ्याचं नाव?"

"मंग बसा गप!"

संध्याकाळभर धुसफुसत राहिले. त्यांच्यावर थोडी, तुमच्यावर जास्त. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणे! म्हणून लग्नातल्या उखाण्यानंतर ते कधी ओठांवर येऊ दिलं नाही. इतकं जपलं, तरी गेलातच ना? आता कमी व्हायला उरलंय काय?

इथून पुढं कुणीही विचारो, मी यांनी-त्यांनी करणार नाही, हा माझा शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाकबंगल्यावर गेले, तो कागद मागून घेतला आणि प्रोफेसरांना म्हटलं, "हे खोडा. लिहा, केशव."

तुमची,
गंगा