प्रयागबाईचं वावर आन माहं लंगडणं

मु. शेलूबाजार
चैत्र वद्य पंचमी

तीर्थरूप गोमतीबाईले धाकट्या भावाचा, मारोतरावाचा, दंडवत. इकडं सारे खुशाल. तुहे गुडघे कसे आहेत? एरंडाचं पान बांधतं का नुसतीच कन्हत बसतं? भाऊजीले रामराम. (भाऊजी, बाईले पत्र तुमीच वाचून दाखवान, म्हून सांगतो, कंसातलं मनातल्या मनात वाचा. बाई वांगे चिरत असन तं इळा पहिले बाजूले ठेवा.)

तुले ठाऊकच आहे, प्रयागबाईचं वावर मी कितीक सालापासून बटईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यानं, करून राह्यलो. तिचा नवरा गेला, मंग माही कारभारीण गेली, वावर तेवढं जागच्या जागी राह्यलं. औंदा मुंबईच्या विधानसभेनं कूळकायदा केला आन तलाठ्यानं चावडीवर सांगतलं, कसन त्याची जमीन. झालं! मी तिथल्या तिथं मिशीले पीळ देल्ला, गावभर गूळ वाटला, प्रयागबाईच्याबी घरी पाठोला. (अक्कल नसल्याचं लक्षण, भाऊजी, मले मान्य आहे.) तिनं गूळ खाल्ला, वरून पाणी पेली आन निरोप धाडला का तलाठ्याले म्हना, कायदा पुरा सांग. पुरा सांगतला तं असा निंगाला का मालकीण विधवा असन, नाहीतं मालक आंधळा-पांगळा असन, तं त्यायची जमीन कुळाले भेटत नाही. अख्खी चावडी माह्याकडं पाहून खोकली.

तेवढ्यात शेजारचा उदयसिंग कानाशी लागला. म्हने, सरकारले म्हाताऱ्या-पांगळ्यायची दया आली आहे, तूबी पांगळा हो. मले पटलं. (काहून पटलं, इचारू नका.) मी दावा लावला आन मंगरूळच्या तहसिलीत सुनावणीची पेशी लागली. मी काठी घेतली आन डाव्या पायानं लंगडाची तालीम सुरू केली. पेशीच्या दिवशी पाह्यतो तं प्रयागबाई माह्याच गाडीत येऊन बसलेली! म्हने, "दावा तुमचा, मंग मी काय पायी येऊ?" जिच्याशी भांडाचं तिलेच गाडीत घेऊन निंगालो वं बाई. वाटंत नाल्यात चाक फसलं. बैलं हालेनात. मी खाली उतरलो, खांदा लावला, चाक उचलून काढलं, आन मंग ध्यानात आलं का लंगडाचं राह्यलं. ती पदर तोंडात कोंबून हासत होती.

तहसीलदार साहेबापुढं मात्र मी झ्याक लंगडत गेलो. साहेबानं चष्मा काढला. "अहो, ही सवलत पांगळ्या मालकाला आहे, पांगळ्या कुळाला नाही." माहा पाय उभ्या जागी बरा झाला. मंग त्यायनं तिले इचारलं. ती म्हने, "साहेब, पुतणे टपून बसले. वावर हाये तोवर मी काकू, वावर गेलं का नुसती म्हातारी. ह्या माणसानं माहा वाटा कधी बुडवला नाही. पण कायदा मले देते ते कोण सोडन?"

बाई, मी साहेबाच्या टेबलाजवळ सरकलो. मी म्हनलं, "साहेब, मले नोको वावर. बटईच बरी." साहेब खूश झाले. तिले म्हने, "तुम्ही विधवा आहात तोवर जमिनीला धक्का नाही."

"आन पाट लावला, दुसरं लगन केलं, तं?" तिनं इचारलं.

साहेबानं टाक खाली ठेवला. "कोणाशी?"

तिनं काठीकडं बोट केलं. काठी माह्या हातात होती.

सारी कचेरी हासली. साहेब कपाळाले हात लावून म्हने, "मग मालक कोण अन् कूळ कोण? आमदारांनी हा विचारच केलेला नाही!" वापस येतांनी मी बैलं शेलूच्या जागी कारंज्याच्या लांबच्या रस्त्याले लावले, तिनंच वळवाले लावले; म्हने, बोलाले वेळ भेटते. मी भीत भीत इचारलं, "तिथं मस्करी केली का?" ती म्हने, "पेशीत खोटं बोलत नसतेत."

तुहा भाऊ,
मारोतराव

ता.क. खरं काम राह्यलंच. पाट लावाले आपल्याकडून वडीलधारं माणूस पाह्यजे, आन ते आता तूच एक. माह्या वयाले हासाचं तं पोटभर हास, पण ये. येतांनी कारंज्याच्या बाजारातून हिरव्या बांगड्या आण. माप मले माहीत नाही. (इचाराची हिंमत नाही, भाऊजी.)

ता.क. दुसरा. आत्ता प्रयागबाई आली. काय लिहून राह्यले, म्हने. मी म्हनलं, कापसाचा भाव. तिनं पत्र हातातून घेतलं आन वाचलं! तिले वाचता येते, हे मले आज समजलं. खालचं तिच्या हातचं आहे.

गोमतीबाईस नमस्कार. वावर माह्याच नावानं राहीन, हे तुमच्या भावानं कबूल केलं. माणूस मी सांभाळीन. लवकर या. तहसिलीतून आल्यापासून हा कामाचा राह्यला नाही, गहू अजून खळ्यातच पडून आहे. बांगड्यायचं माप सव्वादोन.