कांद्याच्या चाळीतला ताप

निमोणे, कांद्याची रिकामी चाळ
२३ जानेवारी

तीर्थरूप मामांना संपतचे दोन साष्टांग नमस्कार. एक भाच्याचा, एक जावयाचा. खुटबावला आपण आणि मामी सुखरूप असालच. इकडे मी सोडून सगळे मजेत आहेत.

मला स्वाइन फ्लू झाला. ताप उतरला, तरी तुमच्या लेकीनं पाच दिवस मला चाळीत ठेवलंय. (मोबाईलही तिच्याकडंच, म्हणून हे पत्र.) तसं वाईट नाही. फटींतून ऊन येतं, पायांवरून हळूहळू पोटावर सरकतं, डोळे मिटतात, आणि वाटतं, मी ढगात पडलोय आणि खाली कुणीतरी मोहरीच्या तेलात आलं-लसूण परततंय. जाग येते तेव्हा समोर मऊ भात असतो.

तो वास आपल्या शिक्रापूरच्या खोल्यांतला. तिथं भाड्यानं राहणाऱ्या आसामच्या दिगंतनं आणि त्याच्या दोन सोबत्यांनी करीच्या दिवशी त्यांच्या बिहू सणाचं जेवण केलं. डुकराचं मटण होतं. "चाचा, थोडा टेस्ट करो," म्हणाला. मी थोडं चाखलं. (तीन ताटं.) तुम्हाला कसं सांगू मामा, तोंडात विरघळत होतं! हे मी मरेपर्यंत बोललो नसतो, पण तापात सगळं बरळलो, आणि उशाशी शेवंता बसलेली.

तेव्हापासून तिचं एकच. "डुकराचा ताप डुकरातनंच येनार, दुसरा कुठनं?" डॉक्टरांनी समजावलं, नीट शिजवलेलं खाऊन हा ताप येत नाही, माणसांच्या शिंका-खोकल्यातून येतो. (सोसायटीच्या मीटिंगला माझ्या दोन्ही बाजूंना शिंकणारेच होते.) तिनं विचारलं, "तुमी खाता का?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. झालं! आता पोरांनी रविवारपर्यंत खोली सोडायची. दिगंत माझ्यासाठी सुट्टी टाकून लिंबं घेऊन आला होता, त्याला दारातूनच परत पाठवलं. मला फार लाज वाटली.

ती फक्त तुमचं ऐकते. रविवारच्या आत या आणि तिला सांगा, ताप त्या जेवणातून आला नाही, पोरांना काढू नको.

आपला,
संपत

ता. क. : नुसत्या सांगण्यानं भागणार नाही, ती पुरावा मागेल. पुरावा आहे. करीच्या संध्याकाळी मी खुटबावला डबा आणला, आणि "आसं बोकड आमच्याकडं गावत न्हाई" म्हणत तुम्ही डबा भाकरीनं पुसून घेतलात. ते बोकड नव्हतं.

आणखी ता. क. : माऊली टेम्पोवाला सांगतो, तुम्हाला अजून साधी शिंकही नाही. तेवढं तिच्यासमोर स्वतःच्या तोंडानं बोला. बोलल्यावर ती आधी तुम्हालाही इथंच पाठवेल, तेव्हा अंथरूण घेऊनच या.