रॉकेलचा फ्रिज

येडशी,
१२ फेब्रुवारी १९६३

श्री. महारुद्र यांस,

कमलचा नमस्कार. परभणीची बदली मानवली का? इकडं मी आणि मामंजी बरे आहोत.

आपला फिरता दवाखाना चालू आहे. तुमच्या जागी गाडीवर नागप्पा आलेत. मनानं चांगले, पण लसीच्या फ्रिजला भितात. तुम्ही शंभरदा सांगायचात, गाडी चालू असताना फ्रिजखालचा रॉकेलचा दिवा विझवायचा, दार उघडायचं नाही. परवा तेरखेड्याच्या वाटेवर ते दिवा विझवायचाच विसरले. खड्ड्यात गाडी उसळली, वात भडकली न् आत नुसता धूर. लस तेवढी वाचली. मुक्कामाला मीच चाकाखाली दगड लावून गाडी एका पातळीत आणली, वात कापली, ज्योत निळी होईस्तोवर गुडघ्यावर बसून राहिले. नागप्पा म्हणाले, "सिस्टर, हे कुणी शिकवलं?" तुमचं नाव सांगितलं न् पुन्हा ज्योत बघायला वाकले.

भूमच्या बाजारात तुमच्या मावशी भेटल्या. तुमच्या लग्नाचे पेढे दिले. मुलगी समजूतदार आहे म्हणाल्या. ऐकून आनंद झाला.

नाही झाला. खोटं कशाला लिहू?

रामलिंगच्या रस्त्याला फ्रिज गार व्हायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "कमलबाई, आपण दोघांनी संसार मांडला तर?" मी म्हणाले, "मामंजींना हे सोसायचं नाही." नवरा गेल्यावर ज्या सासऱ्यानं मला लोकांचं न ऐकता, माहेरी न धाडता नर्सिंगला घातलं, त्यांना टाकून कशी येऊ, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत. बदली मागून घेतलीत.

पेढे घरी नेले, तर मामंजींनी माझं तोंड बघूनच ओळखलं. विचारत राहिले, तेव्हा सगळं सांगितलं. मग म्हणाले, "पोरी, मला एकदा विचारायचं तरी व्हतं. म्या त्या माणसाला घरात ठिवून घेतलं असतं."

त्यांच्या नावानं मी तुम्हाला नकार दिला, महारुद्र, आणि त्यांना विचारलंच नव्हतं. तेव्हापासून ते माझ्याशी लई जपून बोलतात. तेच जास्त लागतं.

उत्तर पाठवू नका. घरात नव्या माणसाचा जीव रमू द्या. फक्त एक करा. बायकोच्या मनात काय असेल हे आपणच ठरवून बसू नका. विचारत जा.

दोघांचं भलं चिंतणारी,
कमल