ड्रोन घरीच आहे

ती. मामा,

दोंडाईच्याच्या प्रचारसभेत तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "मनी सक्की भाची शे, तरी तिनं मशीन मी वावरमा उतरू देवाव नही! मजुरनं पोट मारस ते!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईशेजारी बसून मीही वाजवल्या.

त्यानंतर कपाशीवर ड्रोनने फवारणी करायला मला कुणी बोलावलं नाही. ड्रोनच्या टाकीत औषध भरायला माझ्यासोबत येणारी भागाबाई परत पाठीवर पंप घेऊन मजुरीला गेली. फवारताना औषध अंगावर येऊन ती वावरातच पडली. धुळ्याच्या दवाखान्यात तिने मला विचारलं, "पोरी, तुनं मशीन कोठे शे?"

"घरीच आहे," मी म्हटलं.

तुमच्या निकालाच्या दिवशी सकाळी ती गेली. तिला स्मशानात पोचवून आम्ही परतलो, तेव्हा तुमची मिरवणूक दारात आली होती. तुम्ही माझ्या हातावर पेढा ठेवलात. "मामावर राग नाही ना?"

"नाही," म्हणाले आणि पेढा खाल्ला. खोटं बोलले नाही. राग आला नव्हता, रडूही आलं नव्हतं. अजून येत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. आईला माहेर एकच आहे.

तुमची भाची,
हर्षाली